तारीखवार वसई

वसईच्या किल्ल्याचे फोटो मुबलक आहेत. डॉ. जोसेफ गर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला तो १८७६ सालचा. सतरा छायाचित्रं, नऊ शिळाछाप चित्रं आणि एक नकाशा असा त्याचा सरंजाम त्याच्या शीर्षकपानावरच नोंदवलेला आहे. तेव्हापासून आजपर्यंत त्या पडक्या चर्चच्या कमानी, दगडी जिने आणि तटावर चढलेली झाडं यांच्यासमोर किती कॅमेरे उभे राहिले असतील याची मोजदाद कोण करणार? चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी शाळेच्या सहलींनी रांगा लावून फोटो काढले. हिंदी सिनेमावाले आले. २०१६ साली ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या गाण्यातून हा किल्ला जगभर दिसला. आता लग्न ठरलं की जोडपी तिथे फोटो काढायला येतात. किल्ल्याची न पाहिलेली अशी कुठलीही बाजू राहिलेली नाही.

पण १९८५ सालच्या एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी आठ वाजता गास गावातल्या एखाद्या वाडीत काय चाललं होतं, हे मला पाहायचं असेल तर? त्याच दिवशी वसई रोड स्टेशनाबाहेर किती टांगे उभे होते, बाया कोणत्या पाट्यांतून भाजी नेत होत्या, नालासोपाऱ्याच्या पूर्वेला फलाटावरून पाहिलं की काय दिसायचं? लोकांच्या आठवणी पुष्कळ आहेत. वसईचा माणूस आठवणी सांगायला बसला की उठत नाही. चित्रं मात्र अगदी थोडी.

आमच्या भागाबद्दल तारखा हव्या तेवढ्या सापडतात. ३ जुलै २००९ रोजी वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका आणि भोवतालची गावं मिळून महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२,२२,३९० भरली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. हे बदल कागदावर एका दिवसात झाले. जमिनीवर ते रोज थोडेथोडे होत होते. कुठे एक भिंत चढली, कुठे एक वाट डांबरी झाली, कुठे ताडाचं झाड तोडलं, कुठे एक दुकान मेडिकलचं होतं ते मोबाइलचं झालं. असं थोडंथोडं होणारं टिपायला रोजचा माणूस लागतो, रोज तिथून जाणारा.

मी रोज एक फोटो काढते. मोबाइलवर. कधी वसईतच, कधी लोकलमधून, कधी गावाबाहेर गेले तर तिथला. या सवयीबद्दल आणि ती लावून घेतलेल्या इतरांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. फोटोग्राफीच्या हौसेपेक्षा या सवयीत मला मोठं काहीतरी दिसतं. साध्या दिवसाची बाजू घेणारं फारसं कोणी नसतं. रोजचा फोटो ती बाजू घेतो.

बावखलापासून सुरुवात करते, कारण या विषयाकडे मला बावखलानेच ओढलं. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं: बावखल म्हणजे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, जमिनीखाली खारं पाणी कधी वर येईल याचा नेम नाही, अशा पट्ट्यात पूर्वजांनी पावसाचं पाणी धरून ठेवायची ही युक्ती काढली. पाणी मुरायचं, भोवतालच्या विहिरी गोड राहायच्या. बावखलावर रहाट असायचा, रहाटाला बैल किंवा रेडा, आणि त्या पाण्यावर केळी, पानवेली, भाजी, फुलं. पुढे रहाट गेला आणि पंप आला. मग वाडीच्या तुकड्यांना भाव आला आणि बावखलं बुजू लागली. काही अजून आहेत, हिरव्या शेवाळाखाली. काहींच्या जागी इमारतींची वाहनतळं आहेत आणि पहिल्या मोठ्या पावसात तिथे पाणी का साचतं हे तिथल्या नव्या रहिवाशांना कळत नाही.

बावखलांचे जुने फोटो शोधायला म्हणून मी ओळखीच्या घरांतले आल्बम पाहू लागले. बारशी होती, मुंजी होत्या, पहिलं कम्युनियन होतं, लग्नं तर होतीच. बावखल कोणीच काढलेलं नव्हतं. जिथे सापडलं तिथे ते मागे सापडलं: नवरीच्या खांद्यामागे पाण्याची एक पट्टी, तिच्यावर वाकलेली केळ, एका कडेला रहाटाच्या चाकाचा चतकोर. फोटो काढणाऱ्याला ते नको होतं, पण कॅमेऱ्यात आलं. एका आजींनी तो फोटो हातात धरून बराच वेळ नवरीकडे पाहिलंच नाही. त्यांनी विचारलं, “हा रहाट कुठल्या बाजूचा गं? आमचा की थोरल्यांचा?” सांगता येईल असं घरात कोणी उरलं नव्हतं.

यात कोणाचा दोष नव्हता. अ‍ॅगफाचा ‘क्लिक थ्री’ कॅमेरा बडोद्यात बनायचा आणि पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत पहिला कॅमेरा तोच होता. एका रोलमध्ये बारा फोटो. रोल विकत घ्यायचा, धुवायला टाकायचा, प्रती काढायच्या, प्रत्येक टप्प्याला पैसे. पुढे ३६ फोटोंचे रोल सर्रास मिळू लागले तरी ते घरात सणासुदीला यायचे. बारातला एक फोटो रोज पाणी देणाऱ्या रहाटावर कोण खर्च करील? वसई गावात पूर्वी स्टुडिओ चालवणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितलं की त्यांच्याकडे मागणी असायची ती रंगवलेल्या पडद्यांची. एका पडद्यावर बाग होती, कारंजं होतं, पायऱ्या होत्या. “बाहेर वाडीत नेऊन काढतो म्हटलं तर लोकांना आवडायचं नाही,” ते म्हणाले. “वाडी काय, रोजचीच.” त्या एका ‘रोजचीच’मध्ये सगळं आलं.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा लोक रस्त्यावर आले ते याच वाड्यांसाठी, याच पाण्यासाठी. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून आणि पुढे २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखलं. जुलै २०२४ मध्ये ते गेले. त्या काळातल्या मोर्च्यांची, सभांची छायाचित्रं वर्तमानपत्रांनी काढली, कारण मोर्चा ही बातमी असते. ज्या वाड्यांसाठी तो मोर्चा होता, त्या वाडीतला पाणी शिंपायचा दिवस बातमी नसतो. पुढच्या पिढीने विचारलं की तुम्ही नेमकं काय वाचवायला निघाला होतात, तर दाखवायला नवरीमागचं पाणी तेवढं आहे.

जगात ज्या माणसाने रोजच्या फोटोचा वसा सर्वांत निष्ठेने पाळला, तो माझ्या मते न्यूयॉर्कचा जेमी लिव्हिंगस्टन. बार्ड कॉलेजात शिकत असताना ३१ मार्च १९७९ रोजी त्याने पोलरॉइडच्या ‘एसएक्स-७०’ कॅमेऱ्याने एक फोटो काढला आणि मग दिवसाला एक असा क्रम धरला. पोलरॉइडचा फोटो कॅमेऱ्यातून थेट कागदावर बाहेर यायचा. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. त्यामुळे काढायच्या आधी थांबावं लागे. आजचा एकच फोटो, तो आता काढायचा की संध्याकाळी आणखी काही दिसेल म्हणून राखून ठेवायचा? मित्र, जेवणाची ताटं, बेसबॉलचे सामने, रस्त्यावरचे तमाशे, रिकाम्या खोल्या, प्रवास, सगळं त्यात आलं. अठरा वर्षं हे चाललं. मग मेंदूत गाठ निघाली. शेवटच्या वर्षातल्या फोटोंत रुग्णालय येतं, डोक्यावरची शस्त्रक्रियेची खूण येते, मृत्यूच्या काही आठवडे आधी झालेलं लग्न येतं. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, त्याच्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी, तो वारला आणि त्या दिवसाचाही फोटो आहे. मित्रांनी २००७ साली बार्ड कॉलेजातच त्या सगळ्यांचं प्रदर्शन भरवलं: ६,६९७ फोटो, तारखेच्या क्रमाने.

तारखांचा हिशेब मांडला तर या काळात दिवस पावणेसात हजारांहून थोडे जास्त होतात, म्हणजे काही जागा रिकाम्या आहेत. मला त्या रिकाम्या जागाही आवडतात. माणूस रोज जगतो त्यात असे दिवस असतातच. त्या फोटोंतल्या पुष्कळ फोटोंत काही घडत नाही. टेबलावर कप आहे, खिडकीत ऊन आहे. तरी ते रांगेने पाहताना थांबवत नाही, कारण शेवट पाहणाऱ्याला ठाऊक असतो आणि त्या कपाजवळ बसलेल्याला नसतो. असा परिणाम एकट्या सुंदर फोटोने साधत नाही. तो क्रमाने साधतो. शेकडो साधे फोटो एकाखाली एक लागले की काळ दिसू लागतो.

आपल्याकडे अशी दृष्टी नव्हती असं मुळीच नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिच्या सुरुवातीच्या सभासदांत होते. म्हणजे मराठी माणसाच्या हातात कॅमेरा फार लवकर आला. आणि दिवसामाजी, महिन्यामाजी पाहत राहण्याचा संस्कार म्हणाल तर दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ सालचं आहे. त्याच झाडाकडे महिन्यामागून महिना पाहत राहिलं तर लिहायला काही कमी पडत नाही, हे त्यांनी मराठीत करून दाखवलं. रोजच्या फोटोचा मार्ग मला तिथून जवळचा वाटतो. वसईच्या वर्षाला तर असं चक्र हाताशी आहे. हिवाळ्यात पाचूबंदरला, अर्नाळ्याला बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळतात. उन्हं तापू लागली की मिठागरांत पांढरे ढीग उभे राहतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या. नारळी पौर्णिमेला त्या रंगवून सजवतात. नवरात्रात विरारच्या जीवदानीच्या पायऱ्या रात्रंदिवस भरलेल्या, कार्तिकात निर्मळची यात्रा, डिसेंबरात ख्रिस्ती घरांवर कागदी तारे आणि गावोगाव येशूजन्माचे गोठे. दिवाळीत जूचंद्रला जावं. नायगावजवळच्या या गावातल्या रांगोळी कलावंतांनी गावाचं नाव दूरवर नेलं आहे. रांगोळी पुसली जाणार हे माहीत असूनही ते तिच्यात जीव ओततात. तिथे बहुतेक जण पूर्ण झालेल्या रांगोळीचा फोटो काढतात. मला वाटतं, अर्धी भरलेली रांगोळी, रंग लागलेली बोटं आणि शेजारी गार झालेला चहा यांचाही काढावा.

वसई-विरारच्या माणसाचा दिवस अर्धा लोकलमध्ये जातो, तेव्हा रोजच्या फोटोचा मोठा वाटा तिथेच. या मार्गावर लोकल १८६७ सालच्या एप्रिलपासून मुंबईला जाते आहे. तेव्हा विरारहून बॅकबेपर्यंत एक गाडी सुटायची. आज विरार फास्टमध्ये पाय ठेवायला जागा मिळाली की दिवस बरा गेला म्हणतात. नालासोपाऱ्याची, वसईची माणसं आधी उलटी विरारला जातात आणि त्याच गाडीने बसून परत येतात. या उलट्या प्रवासाची नोंद कुठे राहील? सकाळच्या फलाटावरच्या एखाद्या फोटोतच राहील.

लोकलमधल्या रोजच्या फोटोंचं ठळक काम केलं ते अनुश्री फडणवीस या मुंबईच्या वृत्तछायाचित्रकार मुलीने. लेडीज डब्यातून जाता-येता तिने मोबाइलवर फोटो काढले आणि ‘ट्रेन डायरीज’ या नावाने ते मांडत गेली. झोपलेल्या बायका, दारात वारा खाणाऱ्या मुली, गाडीत कानातली-टिकल्या विकणाऱ्या, आईच्या मांडीवरची मुलं, टाळी वाजवत येणाऱ्या तृतीयपंथी. मोठे कॅमेरे वापरणारी व्यावसायिक फोटोग्राफर असूनही इथे तिने मोबाइल घेतला, तो या डब्याला शोभणारा होता. पुरुष छायाचित्रकाराला जिथे पाऊल टाकता येत नाही अशा जागेचा हा आतला दस्तऐवज आहे. ती मालिका पाहिल्यावर मी आमच्या डब्याकडे पुन्हा बघायला लागले. गवारीच्या शेंगा निवडणारे हात. दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी डब्याला बांधलेली झेंडूची तोरणं आणि वाटलेली आपट्याची पानं. रात्रीच्या गाडीत एका मुलीने उघडलेलं परीक्षेचं पुस्तक, त्यावर ट्यूबलाइटचा हिरवट उजेड.

इथे एक गोष्ट नीट बोलायला हवी. मोबाइल सगळ्यांच्या हातात आल्यापासून दुसऱ्याचा फोटो काढणं फार सोपं झालंय आणि बाईला त्याचा धाक असतो. तो धाक खरा आहे. माझा नियम असा की चेहरा घ्यायचा तर विचारायचं, आणि नाही म्हटलं तर तिथेच थांबायचं. विचारल्याने क्षण जातो, असं फोटोग्राफर म्हणतात. जातो, हे मान्य. दुसरा येतो. लहान मुलांचे चेहरे मी घेत नाही. किल्ल्यात एकांत शोधत आलेल्या जोडप्यांकडे कॅमेरा वळवत नाही. वीटभट्टीवरच्या किंवा पुरात घर गेलेल्या माणसाचा फोटो काढायचा असेल तर त्याच्याशी आधी बोलून, त्याला दाखवून. काढलेला फोटो छापून त्या माणसाला नेऊन देणं हा या सगळ्यातला सर्वांत चांगला भाग आहे.

दादरला फुलं नेणाऱ्या एका बाईला मी पहाटेच्या गाडीत विचारलं होतं. त्या वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या, सोनचाफा घेऊन निघालेल्या. म्हणाल्या, “माझा कशाला काढतेस बाय? पाटीचा काढ.” मी पाटीचा काढला. केळीच्या पानात गुंडाळलेली फुलं, वर ओला फडका, पाटीच्या काठाला सुतळीने केलेली डागडुजी. तेव्हा मला वाटलं की खरा फोटो हुकला. आता तो पाहते तेव्हा त्या पाटीत मला त्यांचं घर, त्यांची पहाट, वाडीतलं पान, सगळं दिसतं. आता फुलं प्लास्टिकच्या क्रेटमधूनही जाऊ लागली आहेत. पाटी दाखवायची त्यांची निवड माझ्यापेक्षा शहाणी होती.

रोज काढायचा म्हणजे कसा, हे मला पुष्कळ जण विचारतात. मोठी तयारी लागत नाही. एक जागा ठरवून घ्यावी आणि आठवड्यातून एकदा तरी तिथूनच, त्याच बाजूला तोंड करून फोटो घ्यावा. स्टेशनचा पूल चालेल, गच्ची चालेल, पापडीच्या तळ्याचा काठ चालेल. बाकीच्या दिवशी पाय नेतील तिकडे. जागा ठरलेली असली की झाड वाढलेलं, फलक बदललेला, भिंत चढलेली आपोआप कळते. आमच्याकडचा पाऊस हा मोठा अडसर. वातानुकूलित डब्यातून फलाटावर उतरलं की मोबाइलच्या काचेवर बाष्प धरतं. दोन मिनिटं थांबून मऊ सुती कापडाने पुसावं. अर्नाळ्याच्या, राजोडीच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याचा थर काचेवर बसतो आणि घरी आल्यावर सगळे फोटो धुरकट दिसतात, तिथेही तेच. जुलैत सकाळी सातला अंधारलेलं असतं, फोटो हललेला येतो. येऊ दे. तो जुलैचाच उजेड आहे. उजळवून, रंग चढवून त्याला नोव्हेंबर करू नये.

प्रवासात हात सैल सोडावा. अर्नाळ्याच्या बंदरातून किल्ल्याच्या बेटावर जाणारी होडी, तिच्यात माणसांबरोबर चढणारे गॅसचे सिलिंडर आणि किराणा. २०२४ साली वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली. खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर ट्रेनने किंवा महामार्गाचा मोठा वळसा घालून जाणाऱ्यांना ती किती नवी वाटली, हे पहिल्या महिन्यांतल्या फोटोंत प्रवाशांच्या तोंडावर वाचता येतं. सगळे उठून कठड्याशी उभे आहेत. काही महिन्यांनी तेच लोक बाकावर बसून मोबाइल बघतात. नवं रोजचं होतं ते असं, आणि हा बदल दोन तारखांचे दोन फोटो शेजारी ठेवले की दिसतो. पांजू बेटाकडे पाहावं तर तिथे होडी हेच रोजचं. नायगाव आणि भाईंदरच्या मधल्या या बेटावरून रेल्वेचा पूल डोक्यावर दिसतो, गाड्या सारख्या धडधडत जातात, आणि बेटावरच्या माणसाला किनारा गाठायला पाण्यातूनच यावं लागतं. गाडीच्या दारातून आपण ते बेट वर्षानुवर्षं पाहतो. बेटावरून गाडी कशी दिसते याचा फोटो बेटावरच्याच कोणी रोज काढला तर तो मला फार बघायचा आहे.

साध्या फोटोला पुराव्याचं मोल येतं ते संकटात. जुलै २०१८ मध्ये सलग पाऊस झाला, रुळांवर पाणी चढलं, १० जुलैला नालासोपारा-विरारकडची लोकल बंद पडली, मिठागरात माणसं अडकली, बचाव पथकं बोटी घेऊन आली. त्या दिवसांचे फोटो हजारोंनी आहेत. पण पाणी का तुंबलं हे समजायला पुराचे फोटो पुरत नाहीत. त्याआधीच्या कोरड्या महिन्यांतले, आधीच्या वर्षांतले लागतात: नाला किती रुंद होता, मिठागराच्या कडेला भराव कधी पडला, शेताची पातळी रस्त्याखाली होती ती वर कधी आली. असा फोटो कोणी पुरासाठी काढून ठेवत नाही. कोणी तरी बगळे बसले होते म्हणून काढलेला असतो. त्याच्यावर तारीख असली की तो बोलतो.

साधं काही जपून ठेवण्यावरून मला सोपाऱ्याचा स्तूप आठवतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा ढिगारा खणला. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात एकात एक बसवलेले चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि शेवटी सोन्याचा. बाजूने सोन्याची फुलं होती, बुद्धमूर्ती होत्या. आणि सगळ्यांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून श्रद्धेने जपलेले. रोज हातात घ्यायचं, रोज धुवायचं मातीचं भांडं या भूमीतल्या लोकांनी सोन्याच्या आत ठेवलं. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे तो ठेवा आहे. नालासोपारा स्टेशनवर उतरणाऱ्या लाखो लोकांना आपण कोणत्या मातीवर उभे आहोत ते कळावं असं मला मनापासून वाटतं. साधी वस्तू जपण्याची शिकवण इथली, घरची आहे.

जपण्याचंच बोलायचं तर आजच्या फोटोचं आयुष्य फार कच्चं आहे. मोबाइलवर काढलेला फोटो साधारण तीन-चार एमबीचा. दिवसाला एक म्हटलं तर वर्षाचा सगळा ऐवज दीड जीबीच्या आसपास, म्हणजे नगण्य जागा. अडचण जागेची नाही, गर्दीची आहे. सुप्रभातच्या चित्रांत, चित्रफितींत, पावत्यांच्या फोटोंत तो बुडतो. मोबाइल पाण्यात पडला की सगळंच जातं. मूळ फाइलमध्ये तारीख, वेळ आणि परवानगी दिली असेल तर ठिकाण आपोआप नोंदलं जातं; तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ही नोंद गळून पडते. आखाती देशांत, कॅनडात गेलेल्या वसईकर मुलांना घरचे फोटो रोज जातात. त्यांनी ते तसेच साठवले तर वीस वर्षांनी त्यांच्याकडे तारीख नसलेली, धूसर वसई असेल. मूळ फाइल पाठवावी, संगणकावर एक आणि दुसरीकडे एक अशा दोन प्रती ठेवाव्यात, वर्षाचा एक फोल्डर, नावात तारीख आधी. महिन्याकाठी एखादा फोटो छापून घ्यावा आणि पाठीमागे पेन्सिलीने लिहावं: कोण, कुठे, कोणत्या दिशेला तोंड करून. आल्बम उघडून “हा रहाट कुठल्या बाजूचा” असं विचारायची पाळी पुढच्यांवर येऊ नये.

आणि हे घरापुरतं का राहावं? आमच्याकडे ग्रंथालयं आहेत, महाविद्यालयं आहेत, पॅरिशची सभागृहं आणि गावकीची मंदिरं आहेत. एकेका गावाचा वर्षभराचा तारीखवार संच कोणीतरी मागून घेऊन ठेवला तर शंभर वर्षांनी द कुन्हांसारख्या अभ्यासकाला किल्ल्याबरोबर माणसांचा दिवसही सापडेल. मुलांना हे काम सांगून पाहा, फार आनंदाने करतात. एका ओळखीच्या मुलाने वर्षभर घरासमोरचं केळीचं बन काढलं. राजेळीचा घड केव्हा निसवला, केव्हा उतरवला, सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, करायला मांडवावर केव्हा गेला, हे त्याच्या फोटोंतून क्रमाने कळतं. सुकेळीवर वाचलेल्या लेखांपेक्षा मला त्या फोटोंनी जास्त शिकवलं.

सध्या वेळ कमी आहे, हे खरं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं एक स्थानक विरारला होतंय, तिचा मार्ग आपल्या तालुक्यातून जातोय, विरार-अलिबाग मार्गाची आखणी झालेली आहे. शेतातले खांब आणि डोंगराकडेच्या वाटा पुढच्या काही वर्षांत ओळखू येणार नाहीत इतक्या बदलतील. या मार्गांजवळ ज्यांची घरं आहेत, ज्यांच्या वाडीत अजून बावखल आहे, मिठागरावर किंवा पाचूबंदरला ज्यांचं रोजचं जाणं आहे, त्यांना चांगल्या कॅमेऱ्याची वाट पाहायची गरज नाही. येत्या पाडव्याला सकाळी दारात उभं राहून समोर जे असेल ते काढावं, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढावं, आणि दोन्हींवर तारीख आणि गावाचं नाव लिहावं.